एकट्या मुलाला शिकवताना पेन कुणाच्या हातात असतं?

पाटीपेन्सिल

नमस्कार. गेली चौदा वर्षं मी गणिताच्या शिकवण्या घेते, एका वेळी एकच मूल. या कामाबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मागच्या आठवड्यातल्या एका वजाबाकीमुळे अखेर लिहायला बसले.

मुलगा नवा आहे, सहावीतला. घरून आलेली तक्रार नेहमीचीच: येतं सगळं, पण घाई करतो, लक्ष नसतं. मी त्याला ५०३ वजा २४७ दिलं. त्याने ३५६ लिहिलं. यायला हवं २५६. नुसतं उत्तर तपासणारा कुणीही म्हणेल की घाईत चुकला. मी खूण केली नाही, बोलले नाही, पुढचं दिलं: ६४१ वजा २७८. त्याने ३६३ लिहिलं. अगदी बरोबर, आणि हातचा दोनदा घेऊन. मग ८०२ वजा ३६५. यायला हवं ४३७, त्याने लिहिलं ५३७. पुन्हा नेमके शंभर जास्त.

तेव्हा म्हटलं, "पहिलं गणित परत कर, आणि करताना मोठ्याने बोल. मी फक्त ऐकते."

तो बोलू लागला. "तीनातून सात जात नाहीत. हातचा घ्यायचा. शेजारी शून्य आहे, म्हणून शून्याचे नऊ करायचे. इकडे तेरा. तेरातून सात गेले, सहा. नवातून चार गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन."

यात घाई कुठेच नाही. मुलगा एक नियम काटेकोरपणे पाळतो आहे: शेजारी शून्य असेल तर त्याचे नऊ करायचे. कधीतरी फळ्यावर पाहिलेल्या रीतीतला अर्धा भाग त्याच्याजवळ राहिला आणि अर्धा गळला. शून्याकडे द्यायला काही नव्हतं, दिलं ते पाचाने, आणि म्हणून पाचाचे चार व्हायला हवेत, हे कुणी सांगितलं असेल तरी पोचलं नव्हतं. मी त्याला शंभराचे पाच चौकोन आणि तीन ठिपके काढायला लावले. एक चौकोन मोडून त्याने दहाच्या दहा रेघा केल्या, त्यातली एक मोडून दहा ठिपके केले. मोजलं: तेरा ठिपके, नऊ रेघा आणि... तिथे तो थांबला. चौकोनांवरून बोट फिरवलं. "चारच उरले," म्हणाला आणि मी न सांगता ८०२ चं गणित खोडून पुन्हा मांडलं.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुकांवर काम केलं होतं. बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात, मूल एक चुकीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतं, हे त्यांनी दाखवलं. मला हे वाचायला फार उशिरा मिळालं. त्याआधीची माझी तीन-चार वर्षं समजावून सांगण्यात गेली. मी छान समजावते, असं सगळे म्हणायचे. मूल अडलं की त्याच्या हातातलं पेन घ्यायचं, त्याच्याच वहीत सुबक अक्षरात गणित सोडवायचं आणि "कळलं?" विचारायचं. मुलं मान डोलवायची. पुढच्या चाचणीत तीच चूक, त्याच जागी. त्या वह्यांत माझंच अक्षर जास्त होतं.

आता माझा नियम एकच आहे. मुलाच्या वहीत मी लिहीत नाही. दाखवायचंच असेल तर माझ्या वेगळ्या कागदावर, वेगळ्या आकड्यांचं उदाहरण, आणि मग तो कागद बाजूला. पेन त्याच्याकडे, आवाजही शक्यतो त्याचाच.

तासाची सुरुवात मी मागच्या आठवड्यातल्या दोन गणितांनी करते, वही बंद ठेवून. मुलांना हे आवडत नाही, कारण वाचून गेल्यावर सगळं येतंय असं वाटतं आणि आठवायला गेलं की पोकळी दिसते. पण त्या पोकळीतच शिकणं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे: काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचलेले सरस ठरले. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिलेले. शिकवणी आठवड्यातून एकदा-दोनदाच असते, म्हणजे माझा सगळा कारभार त्या आठवड्याच्या अंतरावरच चालतो.

आणि मला सगळ्यात कठीण गेलेली गोष्ट म्हणजे गप्प बसणं. समोर एकच मूल असतं, शांतता झाली की ती थेट अंगावर येते. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात आणि मुलं आपणहून जास्त बोलतात. मी टेबलाखाली बोटांवर मोजते. दहापर्यंत. पहिली काही वर्षं सहाच्या पुढे जाता येत नव्हतं.

तुम्ही शिकवत असाल, शिकवणीला मूल पाठवत असाल किंवा स्वतः कधी शिकवणीला गेला असाल, तर तुमचा अनुभव वाचायला आवडेल. मला अडतात त्या जागाही पुढे लिहीन.

कोराकागद

वाचनखूण साठवली. शून्याचे नऊ करणारा मुलगा आमच्याही घरात आहे. आज रात्रीच त्याला बोलत गणित करायला लावते.

घरचाअभ्यास

पाटीपेन्सिल ताई, फार महत्त्वाचा विषय. एका पालकाची बाजू मांडतो.

मुलगा सातवीत आहे. दीड वर्ष शिकवणी लावली आहे, शिक्षक घरी येतात, वेळेचे पक्के, मुलाशी प्रेमाने वागतात. तासाभरात शाळेचा गृहपाठ पूर्ण होतो, वही नीटनेटकी होते, आम्हीही निर्धास्त. पण परीक्षेत फरक पडत नाही. तुमचा लेख वाचून काल वही उघडून बसलो. गृहपाठातली जवळजवळ सगळी गणितं पहिल्या फटक्यात बरोबर आहेत, खाडाखोड अगदी नावाला. आतापर्यंत मला याचा आनंद व्हायचा. काल पहिल्यांदा प्रश्न पडला, हे एवढं बरोबर कसं?

शिक्षकांना दोष द्यायचा नाही. गृहपाठ पूर्ण झाला पाहिजे, हे त्यांना आम्हीच सांगितलं होतं. पण आता त्यांच्याशी हे बोलायचं कसं?

दुसरीबाक

मी शाळेत शिकवतो, वर्गात चाळीसच्या वर मुलं. धाग्यातलं बरंचसं पटलं, पण एक काळजी मांडतो.

एकास एक शिकवणीचा विषय निघाला की शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा लेख हमखास पुढे येतो. शिकवणी मिळालेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलं, असा तो निष्कर्ष. इथे अजून कुणी तो काढला नाही, पण काढला जाईल म्हणून आधीच लिहितो. त्या अभ्यासात शिकवणीच्या मुलांना पुढच्या धड्यावर जाण्याआधी जास्त वरची पातळी गाठायला लावली होती, वर्गातच पण ठरावीक पातळी गाठल्यावर पुढे नेलेल्या गटासाठी ती खालची होती, आणि नेहमीच्या वर्गाला तशी अटच नव्हती. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलनाइतका (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं हे माप) निघाला. ब्लूम यांचा आकडा २ होता. ०.७९ सुद्धा शिक्षणात खूप मोठा आहे. पण मला त्यातून कळतं ते असं, की जादू एकटं बसवण्यात नाही. चूक तिथल्या तिथे सापडते आणि ती सुधारल्याशिवाय पुढे जात नाहीत, यात आहे. ते नसेल तर शिकवणी म्हणजे एका बाकाचा वर्ग.

घरचाअभ्यास, तुमचा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडे एका मुलाचा वर्ग भरतो आहे.

पाटीपेन्सिल

दुसरीबाक सर, शंभर टक्के सहमत. एका बाकाचा वर्ग मी स्वतः काही वर्षं चालवला आहे.

घरचाअभ्यास, शिक्षकांशी बोलताना गृहपाठाचं ओझं आधी तुम्हीच काढून घ्या. "वही अपूर्ण राहिली तरी चालेल, आम्ही शाळेत बोलू" एवढं एक वाक्य सांगितलंत की त्यांचा श्वास मोकळा होईल. पालकांचा धाक शिकवणाऱ्यालाही असतो. वही पूर्ण दिसावी म्हणून आम्ही पुरवत जातो, आणि ते पुरवणं इतकं हळू होतं की आमच्याही लक्षात येत नाही.

गृहपाठाचं मी असं करते. दहा गणितं असतील तर मूल आधी सगळ्यांवर नजर फिरवतं आणि कोणतं येईल, कोणतं येणार नाही, कोणतं सांगता येत नाही अशा खुणा करतं. मग शेवटच्या खुणेचं एक घेतो. फक्त एक. कधी त्या एकावर पाऊण तास जातो. उरलेली घरी. घरी केलेल्यात चुका असतील तर मला त्या हव्याच असतात, चुकीची पानं फाडून आणू नकोस असं मी पहिल्याच दिवशी सांगते.

त्या खुणांचा आणखी एक उपयोग आहे. जे येईल म्हणून मुलाने सांगितलं आणि चुकलं, ते गणित सगळ्यात आधी बघायचं. येत नाही हे माहीत असलेलं मूल विचारतं. येतंय असं वाटणारं विचारत नाही.

गजस्वर

मी व्हायोलिन शिकवते. आमच्याकडे शिकवणं बहुतेक वेळा एकास एकच असतं, आणि पेनाच्या जागी गज.

व्हायोलिनला पडदे नसतात, बोट नेमकं कुठे पडायचं ते कानाने ठरतं. त्यामुळे "इथे नाही, थोडं वर" असं सांगत राहण्याचा मोह प्रत्येक स्वराला होतो. मी वर्षानुवर्षं तेच केलं. विद्यार्थी माझ्यासमोर सुरात वाजवायचे आणि पुढच्या आठवड्यात बेसूर होऊन यायचे, कारण घरी "थोडं वर" म्हणायला मी नव्हते. आता स्वर लागला की विचारते: वर आहे, खाली आहे की बरोबर? आधी त्याने सांगायचं, मग मी. सुरुवातीला अंदाजच असतात. दोनेक महिन्यांनी मी विचारायच्या आतच बोट सरकतं.

दुसरी गोष्ट सरावाची. विद्यार्थी चुकला की पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागतो. सोळा मात्रांच्या ओळीत बाराव्या मात्रेला चूक असेल तर पहिल्या अकरा मात्रा वीस वेळा वाजतात आणि बारावीपासून पुढचं त्याच्या निम्मंही नाही. मी त्यांना चुकीच्या दोन मात्रा आधीपासून सुरू करायला लावते आणि दोन मात्रा पुढे जाऊन थांबवते. पाच मात्रांचा तुकडा, सावकाश. लहान मुलांना हे फार जड जातं, त्यांना गाणं पूर्ण वाजवायचं असतं. म्हणून तासाच्या शेवटी एकदा पूर्ण वाजवायचं, कितीही चुका होवोत, मी थांबवत नाही. ते त्यांचं.

गणितातही मुलं पहिल्यापासून सुरू करतात का?

पाटीपेन्सिल

करतात! आणि मी ते कधी असं पाहिलंच नव्हतं. मोठ्या गणितात चूक झाली की पान उलटून पुन्हा "समजा" पासून सुरू. चुकलेली पायरी शोधण्याऐवजी ती ओलांडून जायची आशा. उद्यापासून पान उलटू देणार नाही.

शब्दखूण

भाषेच्या शिकवणीतला अनुभव सांगतो. मी प्रौढांना नवी भाषा बोलायला शिकवतो. विद्यार्थी चुकीचं वाक्य बोलला की आपण तेच वाक्य सुधारून, जणू सहज, पुन्हा म्हणतो. त्याचा ओघ तुटत नाही, त्याला वाईटही वाटत नाही. मला हीच सभ्य रीत वाटायची. रॉय लिस्टर आणि लीला रान्टा यांनी १९९७ मध्ये वर्गांमधलं असंच बोलणं तपासलं. शिक्षक सगळ्यात जास्त हीच रीत वापरत होते, आणि विद्यार्थी आपली चूक सगळ्यात कमी सुधारत होते तेही हिच्यानंतरच. कारण उघड आहे. विद्यार्थ्याला वाटतं, समोरच्याने होकार दिला.

आता मी चुकीच्या जागी थांबतो आणि वाक्याचा तिथपर्यंतचा भाग म्हणून उरलेलं त्याच्यावर सोडतो. बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच सापडतं. नाहीच सापडलं तर दोन पर्याय देतो. सरळ उत्तर अगदी शेवटी. पण प्रत्येक चूक धरत नाही, एका तासात एकाच प्रकारची. बाकीच्या चुका वहीत टिपून ठेवतो आणि शेवटी दाखवतो. नाहीतर माणूस बोलायचाच बंद होतो.

मागचीवही

सहसा नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं. मी या टेबलाच्या पलीकडची आहे, पाच वर्षं शिकवणीला गेलेली.

माझे सर फार चांगले होते. प्रश्न विचारायचे, थांबायचेही. तरी परीक्षेत मी ढेपाळायचे. खूप नंतर, स्वतः नोकरीत नव्या लोकांना शिकवायला लागल्यावर मला कळलं की मी गणित सोडवत नव्हते, सरांचा चेहरा सोडवत होते. उत्तर बरोबर असलं की ते लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. चुकलं की "अं, कशावरून?" म्हणायचे. म्हणजे "कशावरून" ऐकलं की उत्तर बदलायचं. दोनच पर्याय असतील तर दुसरा सांगायचा. मी मुद्दाम करत नव्हते, आणि सरांनाही कधी जाणवलं नाही. आम्हा दोघांनाही वाटायचं की मला येतंय. परीक्षेच्या खोलीत चेहरा नव्हता.

अजूनही मला एखादं उत्तर स्वतःच्या जोरावर बरोबर वाटत नाही. कुणाला तरी दाखवावंसं वाटतं.

दुसरीबाक

मागचीवही, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट आठवली. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन गणिताचे शिक्षक होते आणि बेरीज-वजाबाकीच्या प्रश्नांना घोडा खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासलं तेव्हा कळलं की विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल तर उत्तरं चुकतात. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याची मान किंचित हलायची, ते पाहून घोडा थांबायचा. फसवणूक कुणीच करत नव्हतं. घोड्याला जे दिसलं ते मुलाला का दिसणार नाही? मुलं तर आपल्याकडे बघतच मोठी होतात.

वर्गात चाळीस जणांपैकी एखाद्यालाच माझा चेहरा इतका जवळून दिसतो. शिकवणीत तो सतत समोर असतो. मला वाटतं, एकास एक शिकवणीतला हा सगळ्यात मोठा धोका आहे.

पाटीपेन्सिल

मागचीवही, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझ्याकडून शिकून गेलेल्या काही मुलांचे चेहरे डोळ्यांसमोर आले आणि झोप लागली नाही.

मी "कशावरून?" बरोबर उत्तरालाही विचारते, ही सवय चार-पाच वर्षांपूर्वी लावून घेतली. कारण वेगळं होतं. दशांश अपूर्णांक शिकवताना एक मुलगी ०.६ आणि ०.४५ मध्ये ०.६ मोठा म्हणाली. बरोबर. मी पुढे जाणार होते, पण सहज विचारलं, कशावरून? म्हणाली, "याच्यात आकडे कमी आहेत. दशांश चिन्हानंतर आकडे वाढले की तुकडे बारीक होत जातात, म्हणून संख्या लहान." मग तिला ०.३ आणि ०.४८ दिले. तिने ०.३ मोठा सांगितला. उलट नियमाची मुलंही असतात, ज्यांना आकडे जास्त म्हणजे संख्या मोठी वाटते, ती पहिल्याच जोडीत चुकतात आणि पकडली जातात. ही मात्र बरोबर उत्तर देऊन निसटली असती, आणि तेही विचार करून. तुकडे बारीक होतात हे तिचं खरंच होतं, किती तुकडे घेतले ते मोजायचं राहिलं होतं.

आता तुमचं वाचून आणखी एक ठरवलं. शेवटची दहा मिनिटं मी टेबलावरून उठून खिडकीपाशी बसेन, पाठ करून. मूल एकटं दोन गणितं सोडवेल आणि उत्तर मला दाखवण्याआधी स्वतः ताळा करून बरोबर की चूक ते लिहून ठेवेल. मी बघायची ती खूण. तिचा निकाल बरोबर होता का, एवढंच.

मदत किती द्यायची यावर डेव्हिड वुड यांचं काम मला फार उपयोगी पडलं. त्यांनी जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्याबरोबर १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला आणि शिकवणारी व्यक्ती कुठे, कशी हात लावते ते पाहिलं. अशा मदतीला परांचीची उपमा त्यांनीच दिली. वुड यांचं सूत्र सोपं आहे: मूल अडलं की मदत एक पायरी वाढवा, जमलं की लगेच एक पायरी कमी करा. वाढवणं सगळ्यांना जमतं. जमल्यावर कमी करणं मी विसरते, कारण सगळं छान चाललेलं असतं.

कोराकागद

बोलायला लावलं. माझं मूल बोलतच नाही. "मनात करतो" म्हणतं आणि ओठ घट्ट. ओरडले नाही, खरंच. काय करू?

पडद्यापलीकडून

कोराकागद, मी ऑनलाइन शिकवते, माझ्याकडे अशी बरीच मुलं येतात. "बोल" म्हटलं की त्यांना तोंडी परीक्षा वाटते. मी आधी स्वतः एक गणित बोलत सोडवते आणि त्यात मुद्दाम एक चूक करते, त्यांच्याच चुकीच्या जातीची. त्यांनी मला थांबवायचं. दुसऱ्याची चूक सांगताना तोंड आपोआप उघडतं. दोन-तीन वेळा असं झालं की अदलाबदल.

ऑनलाइनवाल्यांसाठी एक: कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर नको, वहीवर ठेवा. फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवला, खालच्या बाजूचा कॅमेरा वहीवर आला की झालं. चेहरा दिसला की मला तो ऐकतोय का कळतं, वही दिसली की तो काय करतोय ते कळतं. पेन कुठे थबकतं ते दिसणं फार मोलाचं आहे. मागचीवही यांचं वाचून वाटतंय, त्यांनाही माझा चेहरा दिसत नाही हे बरंच आहे.

पाटीपेन्सिल

ही मुद्दाम चुकायची युक्ती उत्तम. भर एवढीच घालते की न बोलणाऱ्या मुलाला "का" विचारू नका, "आता पुढे काय करणार?" विचारा. "का" मध्ये जाब विचारल्यासारखं वाटतं. मिशेलीन ची यांच्या २००१ च्या अभ्यासात शिकवणाऱ्यांना समजावून सांगायलाच मनाई केली होती, फक्त असे छोटे प्रश्न विचारून मुलांना बोलतं ठेवायचं. मुलं तरीही तेवढीच शिकली. छान समजावणारी म्हणून नाव असलेल्या मला हे पचवायला वेळ लागला.

घरचाअभ्यास

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. शिक्षकांशी बोललो, ताईंनी सांगितलं तसंच, गृहपाठाचं ओझं आधी काढलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मलाही तेच हवं होतं."

आता वही वाईट दिसते. खाडाखोड, अर्धी सोडलेली गणितं, समासात प्रश्नचिन्हं. काल घटक चाचणी झाली. गुण फारसे वाढलेले नाहीत, खरं सांगतो. पण घरी आल्यावर त्याने आपणहून सांगितलं की तिसरं आणि पाचवं चुकलं असणार, आणि पाचव्यात नेमकं कुठे तेही. पेपर हातात आला तेव्हा तीच दोन चुकली होती.

एक अडचण मात्र आहे. आता तो बोलल्याशिवाय गणित करत नाही. चाचणीच्या वेळी पुटपुटत होता, बाईंनी दोनदा गप्प केलं, आणि त्यानंतर त्याचं सुचेनासं झालं. ही सवय मोडायची का?

पाटीपेन्सिल

मोडू नका. लहान मुलं स्वतःशी मोठ्याने बोलत काम करतात आणि तेच बोलणं हळूहळू आत जातं, मनातला विचार होतं, असं मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉत्स्की यांनी मांडलं आहे. तुमचा मुलगा त्या वाटेच्या मधोमध आहे. फक्त परीक्षेसाठी वाट थोडी आखून द्यावी लागेल.

शिक्षकांना सांगा, पुढचे दोन आठवडे त्याला पुटपुटण्याऐवजी समासात लिहू दे. पूर्ण वाक्य नको, दोन-तीन शब्द: "शून्य, मग डावीकडे", "छेद वेगळे", "चिन्ह?" एवढंच. जिथे पूर्वी चुकला होता तेवढ्याच जागी, प्रत्येक पायरीला नाही. मग तेही कमी होत जातं. माझ्याकडची एक मुलगी शेवटी फक्त एक टिंब द्यायची, त्या टिंबाचा अर्थ तिलाच माहीत.

आणि घरी सराव करताना रोज एक गणित पूर्ण शांततेत, वेळ लावून, तुम्ही खोलीबाहेर. चुकलं तर त्या एका गणितापुरतं पुन्हा मोठ्याने. समासात तो कोणते शब्द लिहितो ते इथे कळवाल का? शक्य असेल तर अगदी त्याच्याच शब्दांत.